मे महिन्यात कूलर महाग होऊनही जास्त खपतात. मग मागणीचा नियम खोटा आहे का? कूलर ही गिफेन वस्तू, म्हणजे महाग झाल्यामुळेच जास्त खपणारी वस्तू, म्हणायची का?

नाही आणि नाही. हाच वाद आमच्या घरात पंधरा वर्षं चालू आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नागपुरात सीताबर्डीकडे काकांचं कूलरचं दुकान होतं. पत्र्याची बॉडी, गवताच्या ताट्या, पंप, सगळं तिथंच जोडायचे. मी तेव्हा बी.कॉम.ला. मार्चमध्ये 4,000 ला दिलेला कूलर काका नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या भर उन्हात, 5,000 ला द्यायचे, तरी रांग. वर मला डिवचायचे, "काहून बे, तुह्या पुस्तकात तं लिहून हाय ना, भाव वाढला का मागणी कमी होते?"

मी म्हणायचो, "इतर परिस्थिती स्थिर असताना."

"नागपूरच्या उन्हात कोनती परिस्थिती स्थिर राह्यते?"

त्या साली भाव चढतोय म्हणून काकांनी वीस कूलर जास्तीचे बनवून ठेवले. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत 3,000 वर आले, कुत्रं विचारेना. काका म्हणाले, "पाह्य, तुहा नियम दोन्हीकडून खोटा!"

अहो, आपला कूलर चालतो पाण्याच्या बाष्पीभवनावर. दमट हवेत नुसती चिकचिक. गरजच संपली, तर भाव पाडून काय होणार? मेमध्ये मागणीची 'वृद्धी' झाली, जुलैत 'ऱ्हास'. मागणीचा अख्खा वक्रच सरकला, म्हणजे त्याच भावाला किती खपणार हेच बदललं. 'विस्तार' आणि 'संकोच' वेगळे, ते फक्त किमतीमुळे. बारावीत हे चारही शब्द पाठ करून सगळे विसरतात.

नियम पाहायचा तर एकाच दिवसातला पाहा. त्याच नवतप्यात समोरच्या दुकानदारानं तेवढाच कूलर 300 नं उतरवला आणि आमच्याकडे दोन दिवस माश्या. काकांच्या मते "त्याचं तोंड गोड हाय". तिसऱ्या दिवशी त्यांनीही गुपचूप 300 कमी केले. ताट्यांचं उलट. सेटमागे 30 रुपये वाढवले, एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही. कूलर घरात, ताटी सडलेली, खर्च किरकोळ. अलवचिक मागणी म्हणतात ती हीच.

गिफेनची गोष्ट गरिबाच्या भाकरीची. अर्थशास्त्रज्ञ मार्शलनं आपल्या ग्रंथाच्या 1895 च्या आवृत्तीत ती गिफेनच्या नावावर टाकली. पाव महागला की मटण परवडत नाही, म्हणून पावच जास्त खावा लागतो. कूलर महागला म्हणून कोणी दुसरा कूलर घेत नाही.

काकांचं एक मात्र खरं. बाजारात काहीच स्थिर नसतं, त्यामुळे नुसत्या विक्रीच्या वहीवरून नियम खरा की खोटा ते ठरत नाही. हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

उरलेले कूलर माळ्यावर पडून होते. पुढच्या मार्चमध्ये 4,200 ला गेले. काका म्हणाले, "पाह्यलं? भाव वाढवला तं खपले."