छाया, पडछाया आणि ऊनसावली

प्रश्न असा आहे: अठराव्या शतकातल्या फ्रेंच कला अकादमीतलं, लाल खडूने काढलेलं उभ्या पुरुषाचं रेखाटन आहे. त्यावर मराठीत टिपण लिहिताना 'ऊनसावलीचा खेळ' म्हणावं का?

मी तरी म्हणणार नाही. ऊनसावली म्हटलं की श्रावण आठवतो, क्षणात येणारं आणि क्षणात जाणारं ऊन. इथे नेमकं उलटं. अकादम्यांत समोर उभ्या मॉडेलला पाहून रेखाटन करण्याचे वर्ग पुष्कळदा दिव्याखाली चालत. लंडनच्या रॉयल अकादमीतल्या अशा वर्गाचं, चित्रकार झोफनीचं १७७१-७२ मधलं चित्र पाहा, मंडळींच्या डोक्यावर मोठा दिवा टांगलेला आहे. (हाच झोफनी पुढे लखनौच्या नवाबाकडे चित्रं काढत होता.) दिवा हलत नाही, म्हणून मॉडेलच्या अंगावरचा काळोखही जागचा हलत नाही आणि विद्यार्थ्याला तो सावकाश उतरवता येतो.

मग सावली? बोलताना सगळंच सावली, त्यात काही चूक नाही. पण 'मांडीची सावली' म्हटलं की मांडीवरची की मांडीमुळे दुसरीकडे पडलेली, हे कळत नाही. चित्रकलेच्या वर्गात यासाठी दोन शब्द आहेत, तेच वापरावेत. अंगाचा जो भाग उजेडाकडे पाठ करून आहे त्यावर असते ती छाया. अंगाने उजेड अडवल्यामुळे चौथऱ्यावर किंवा भिंतीवर पडते ती पडछाया.

चांगल्या रेखाटनात मांडी जवळून पाहा. उजेडाच्या बाजूला कोरा कागदच सोडलेला असतो. मग विरळ समांतर रेघा, पुढे त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या रेघा. सर्वांत गडद पट्टा मात्र कडेला नसतो, थोडा आत असतो. कड पुन्हा जराशी उजळते, कारण जमिनीवरून परतलेला उजेड तिथे पोचतो. हा परावर्तित प्रकाश. तो नसेल तर मांडी गोल न दिसता कापल्यासारखी दिसते. पडछायेची कड पायापाशी धारदार, लांब जाईल तशी मऊ.

टिपणात एवढंच पुरे: 'डावीकडून येणाऱ्या उजेडामुळे उजव्या मांडीवर छाया, चौथऱ्यावर पायांची पडछाया.' एकत्र म्हणायचं तर छायाप्रकाश. फक्त घाईत 'छायाचित्र' लिहू नका, वाचक कॅमेरा शोधत बसेल.