महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख कोडमध्ये बरोबर कशी काढायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख काढता, टू-आयएसओ-स्ट्रिंगची (तारीख-वेळ मजकुरात लिहून देणारं फंक्शन) पहिली दहा अक्षरं सर्व्हरला पाठवता, आणि तिथे मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये बिट्वीन ('इथपासून तिथपर्यंत' ही अट) लावून अहवाल काढता. मार्च २०२४ निवडला की २९ फेब्रुवारीच्या नोंदी येतात आणि महिन्याचे शेवटचे दोन दिवस गायब होतात. लीप वर्षामुळे असेल का आणि तारखांसाठी कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

लीप वर्षाचा इथे काही संबंध नाही. दोन वेगळ्या चुका एकावर एक बसल्या आहेत, म्हणून लक्षणं विचित्र दिसतात.

पहिली चूक ब्राउझरमधली. न्यू डेट(२०२४, २, १) लिहिलं की वापरणाऱ्याच्या घड्याळानुसार १ मार्चची मध्यरात्र मिळते. (महिने शून्यापासून, म्हणून मार्च म्हणजे २, दिवस मात्र १ पासून. ही गंमत जावाच्या जुन्या डेटमधून १९९५ साली जावास्क्रिप्टमध्ये आली आणि त्याआधी सी भाषेतही तशीच होती.) इथपर्यंत सगळं ठीक. पण टू-आयएसओ-स्ट्रिंग तो क्षण यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल तर १ मार्चची मध्यरात्र यूटीसीत २९ फेब्रुवारीचे १८:३० वाजलेले असतात. दहा अक्षरं कापली की हातात २९ फेब्रुवारी. शेवटची तारीखही तशीच घसरते आणि ३१ मार्चची ३० होते. यूटीसीच्या मागे असलेल्या देशातल्या कुणी हाच कोड तपासला तर त्याला काहीच चुकीचं दिसणार नाही. त्याला उलटा फटका बसतो: न्यू डेटला नुसती '२०२४-०३-०१' ही स्ट्रिंग दिली की ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते, आणि त्याच्या पडद्यावर २९ फेब्रुवारी उमटतो.

दुसरी चूक क्वेरीतली, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातली. कॉलम डेटटाइम (तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणाऱ्या) प्रकारचा असेल तर नुसत्या '२०२४-०३-३०' चा अर्थ त्या दिवसाचे ००:०० वाजले असा होतो. बिट्वीन तिथेच थांबतं आणि ३० तारखेचा पूर्ण दिवस बाहेर राहतो. ३१ तारीख पहिल्या चुकीत आधीच गेलेली. झाले दोन दिवस.

यावर बहुतेक जण शेवटच्या तारखेला २३:५९:५९ चिकटवतात. हा उपाय मला अजिबात पसंत नाही. त्या शेवटच्या सेकंदाच्या आत, म्हणजे २३:५९:५९.४ ला आलेली नोंद सुटते. मग कुणीतरी .९९९ जोडतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जुना डेटटाइम प्रकार साधारण तीन मिलिसेकंदांच्या टप्प्यांत वेळ ठेवतो, त्यामुळे २३:५९:५९.९९९ गोल होऊन पुढच्या दिवसाचे ००:०० होतात आणि १ एप्रिलच्या मध्यरात्रीची नोंद मार्चमध्ये शिरते. मायएसक्यूएलही सेकंदाचा अपूर्णांक न ठेवणाऱ्या कॉलममध्ये अशी किंमत साठवताना गोल करतं. महिन्याचा शेवटचा क्षण नेमका कोणता, हे तुमचा डेटाबेस वेळ किती बारीक मोजतो त्यावर अवलंबून आहे. पुढच्या महिन्याचा पहिला क्षण मात्र कुठेही तोच असतो. म्हणून क्वेरी अशी असू द्या: वेळ '२०२४-०३-०१' पेक्षा मोठी किंवा तेवढीच, आणि '२०२४-०४-०१' पेक्षा लहान. बिट्वीन नको, लास्ट_डे (महिन्याची शेवटची तारीख देणारं फंक्शन) नको, महिना २८ चा की ३१ चा ही चौकशीही नको. मंथ(कॉलम) = ३ असंही लिहू नका, कारण कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा उपयोगी पडत नाही.

ब्राउझरकडून सर्व्हरला दोन तारखा पाठवायचीही गरज नाही. नुसतं '२०२४-०३' पाठवा. इनपुटचा मंथ हा प्रकार वापरलात तर त्याची किंमत याच रूपात मिळते. सर्व्हरवर वर्ष गुणिले १२ अधिक (महिना उणे १) असा एकच आकडा करा. मार्च २०२४ साठी तो २४२९० येतो. पुढचा महिना हवा तर १ मिळवा, मागचा हवा तर १ वजा करा, मग १२ ने भागा: भागाकार म्हणजे वर्ष, बाकी अधिक १ म्हणजे महिना. डिसेंबर-जानेवारीसाठी वेगळी इफ लिहावी लागत नाही. मी कोणत्याही भाषेत हेच करतो, कारण यात तारीख हा प्रकार मध्ये येतच नाही.

तो मध्ये आला की काय होतं, हे तुमच्या 'मागील महिना' बटणात दिसेल. सेट-मंथमध्ये चालू महिना उणे १, असं तुम्ही लिहिलंय. ते ३१ मार्च २०२४ ला दाबून बघा. आधी ३१ फेब्रुवारी तयार होतो, तो अस्तित्वात नाही म्हणून पुढे सरकून २ मार्च होतो, आणि मागील महिना म्हणून पुन्हा मार्चच दिसतो. पीएचपीतलं '-१ मंथ' सुद्धा हेच करतं. तिथे 'फर्स्ट डे ऑफ प्रीव्हियस मंथ' म्हणा आणि सोबत 'मिडनाइट' जोडा, नाहीतर तारीख पहिली पण वेळ आत्ताची असा संकर मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये आधी सेट-डेट(१), मग सेट-मंथ.

पडद्यावर '१ मार्च ते ३१ मार्च' असं दाखवायला शेवटची तारीख लागतेच. त्यासाठी न्यू डेट(वर्ष, महिना + १, ०) ही तुमची युक्ती बरोबर आहे: एप्रिलची शून्यावी तारीख म्हणजे १ एप्रिलचा आदला दिवस. फक्त ती गेट-फुल-इयर, गेट-मंथ अधिक १ आणि गेट-डेट यांनी छापा, टू-आयएसओ-स्ट्रिंगने नको. पायथॉनमध्ये कॅलेंडर मॉड्यूलचं मंथरेंज आहे. ते दोन आकडे देतं आणि त्यातला दुसरा दिवसांचा असतो. पहिला म्हणजे १ तारखेचा वार, त्यात फसू नका.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पुढे नक्की आडवी येईल: महिना कुणाचा? डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत साठवत असाल तर १ मार्चची स्थानिक मध्यरात्र आणि १ एप्रिलची स्थानिक मध्यरात्र, दोन्ही स्वतंत्रपणे यूटीसीत बदलून घ्या आणि मग क्वेरीत घाला. वापरणाऱ्याच्या टाइमझोनचं नाव जपून ठेवा, यूटीसीशी असलेला नुसता फरक नको. न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या सुरुवातीचा आणि अखेरचा फरक सारखा नसतो, कारण मध्येच घड्याळ एक तास पुढे जातं. तिथला मार्च ७४४ नव्हे तर ७४३ तासांचा आहे. ३१ गुणिले २४ तास मिळवून महिनाअखेर काढणारा कोड तिथे एक तास चुकतो. मध्यरात्र असतेच असंही नाही. पॅराग्वेमध्ये १ ऑक्टोबर २०१७ ला मध्यरात्रीच घड्याळ एक तास पुढे केलं गेलं, म्हणजे तिथला तो महिना १ वाजता सुरू झाला. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, त्यांचा तो डिसेंबर ३० दिवसांचा. अशा जागा हाताने सांभाळायच्या नसतात. टाइमझोनची माहिती ठेवणाऱ्या लायब्ररीला नाव द्या आणि त्या महिन्याचा पहिला क्षण विचारा.

लायब्ररीचंही विचारलंय. नवीन कामात मोमेंट ही जावास्क्रिप्टची जुनी लायब्ररी घेऊ नका. त्याच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये ते फक्त देखभालीपुरतं ठेवल्याचं जाहीर केलं. शिवाय त्याचं स्टार्ट-ऑफ मूळ तारीखच बदलतं. एकाच चलावर आधी स्टार्ट-ऑफ आणि मग एंड-ऑफ केलं की दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात आणि दोन्हीकडे महिनाअखेर येते. लक्सन किंवा डेट-एफएनएस चालेल. जावास्क्रिप्टचं नवं टेम्पोरल ब्राउझरांमध्ये येऊ लागलं आहे. त्यात नुसता वर्ष-महिना, नुसती तारीख आणि नेमका क्षण हे वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे तुमची पहिली चूक तिथे सहजासहजी होणारच नाही.

तपासताना 'आज' फंक्शनला बाहेरून द्या, आत घड्याळ वाचू नका. मग ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ मार्च आणि ३१ डिसेंबर हवे तेव्हा देता येतात. त्याच चाचण्या टाइमझोन बदलूनही चालवा: एकदा यूटीसीच्या पुढचा, एकदा मागचा.

जुन्या अहवालांबद्दल: मूळ नोंदी जागेवर आहेत, चूक फक्त निवडीत होती. पण महिनावार बेरजा वेगळ्या टेबलात साठवल्या असतील तर त्या पुन्हा काढाव्या लागतील. तुमच्या कोडने एप्रिलचा अहवाल ३१ मार्चपासून सुरू केला असणार, म्हणजे ३१ मार्चच्या नोंदी एप्रिलमध्ये मोजल्या गेल्या आणि ३० मार्चच्या कुठल्याच महिन्यात नाहीत. दर महिन्याच्या शेवटून दुसऱ्या दिवसाचं असंच झालं आहे, तेव्हा वर्षाच्या बेरजेत बारा दिवसांची भगदाडं सापडतील. तिथूनच पडताळणी सुरू करा.