शिबिराआधी आशाताईला विचार

देणगी हाती आली म्हणून लगेच आरोग्य शिबिराचा मांडव घालू नकोस. आधी आशाताईसोबत गावाच्या टोकावरच्या वस्तीत जा. दवाखान्यात कोण येत नाही आणि का, ते विचार. बहुतेकदा औषध फुकट असतं. अडतं ते एसटीच्या भाड्यापाशी आणि बुडणाऱ्या मजुरीपाशी. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या पोराला तालुक्याला न्यायचं, तर मायचा कापूस वेचणीचा दिवस जातो. शिबिरात तपासणी होते, कार्ड मिळतं, पण पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोण आणणार? दात्याला यंत्रावर नाव हवं असतं. त्याला नम्रपणे सांग, यंत्र नको, वर्षभराचं गाडीभाडं द्या.

गावाचाही वाटा घे, थोडा का होईना. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्यासाठी घरोघरून ज्वारी जमा व्हायची. वावरवाल्याची जास्त, भूमिहीनाची कमी. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण पायलीभर ज्वारी देणारी बाई हक्कानं जाब विचारते.

गडचिरोलीत सर्च या संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला शिकवलं. मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. म्हणून पैसा आधी अशा बायकांच्या शिक्षणावर आणि मानधनावर लाव.

आणि हो, सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत बैठक दुपारी नको. रात्री जेवणं झाल्यावर ठेव. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव.