सासऱ्यांचं मॅग्नेशियम आणि गुडघ्यावरची हातोडी

प्रश्न : माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. पोट साफ होत नाही म्हणून कित्येक महिने रोज रात्री मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेतात. त्यात शेजारच्या काकांनी ‘टेन्शनचं हार्मोन उतरतं’ म्हणत मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून दिल्या. परवाच्या तपासणीत मॅग्नेशियम 3.6, कॅल्शियम 7.9, क्रिएटिनिन 2.3 आलं. दिवसभर गळून गेल्यासारखे पडून असतात. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी क्रिएटिनिनकडे बघा. मूत्रपिंडं किती काम करतात ते हा आकडा सांगतो, आणि 2.3 म्हणजे ती थकलीत. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडं लघवीवाटे टाकून देतात. ती थकली की ते रक्तात साचतं. मॅग्नेशियम 2.3-2.4 च्या वर गेलं की जास्तच.

कॅल्शियम का उतरलं? गळ्यात पॅराथायरॉइडच्या तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जोखून त्या ते वाढवणारं हार्मोन सोडतात. मॅग्नेशियम फार वाढलं की त्या फसतात, कॅल्शियम पुरेसं आहे असं समजून हात आखडता घेतात. मूत्रपिंडाच्या आजारानेही कॅल्शियम उतरतं, म्हणून सगळं खापर बाटलीवर फोडत नाही.

काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे ते टेन्शनचं हार्मोन, सुटायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं आणि मॅग्नेशियम ती वाट अडवतं. या ग्रंथीच्या गाठीच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ ते शिरेतून देतात. पण ते ऑपरेशन थिएटरात, मॉनिटर लावून. कमतरता नसताना गोळ्या खाऊन ताण उतरेल, असं मी म्हणणार नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात मी 23 वर्षं बाळंतपणं केली. झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देताना पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारायची, श्वास आणि लघवी मोजायची. पाय उडाला नाही तर मॅग्नेशियम जास्त झालं समजून डोस थांबवायचा. एका रात्री हातोडी सापडेना, तेव्हा हाताच्या कडेनेच काम भागवलं. ट्रेमध्ये उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार असायचंच.

तेव्हा बाटली आणि गोळ्या आजच बंद करा आणि उद्याच त्यांना डॉक्टरांना दाखवा. ईसीजीही काढावा लागेल. गुंगी वाढली, नाडी मंदावली, श्वास जड झाला तर रात्रीसुद्धा थांबू नका. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने नकोत. जाताना बाटली आणि डबी पिशवीत टाका. ‘औषध काय घेता?’ विचारलं की माझे निम्मे पेशंट ‘काही नाही’ म्हणायचे. रेचकाला औषध समजतो कोण!