राजीनाम्यानंतरचे आगर

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. शहरातली धावपळ सोडून गावी गेलेल्या माणसांचे चित्रपट तो आवडीने पाहतो आणि आता नोकरी सोडून घरचे नारळ-पोफळीचे आगर सांभाळायला येतो म्हणतो. त्याने आग्रहाने दाखवलेले दोन-तीन चित्रपट मी पाहिले. ते सुंदर होते. पण ज्या आगरात मी चाळीस वर्षे राबले, ते मला त्यांत कुठेच दिसले नाही. त्याचा उत्साह मोडावा असेही वाटत नाही. त्याच्यासोबत बसून पाहता येईल असा एखादा खरा चित्रपट सुचवाल का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : आपले आगर त्या चित्रपटांत दिसले नाही, याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. अशा बहुतेक कथांमध्ये राजीनामा हाच कळसाचा प्रसंग असतो; नायक गावी उतरतो, एका गाण्यात पेरणी आणि कापणी उरकते आणि चित्रपट संपतो. उंच जातीच्या माडाला पहिले फळ धरायलाच सहा-सात वर्षे लागतात. रोजचे शिंपणे, सुपारी सोलणे, माडावर चढणारा गडी वेळेवर न मिळणे, वानरांनी केलेली नासधूस हे सारे त्या वर्षांत घडते, आणि ती वर्षे गाण्यात मावत नाहीत म्हणून वगळली जातात.

मुलासोबत सर्वांत आधी पाहावा असा चित्रपट म्हणजे इसाओ ताकाहाता या जपानी दिग्दर्शकाचा १९९१ सालचा ‘ओन्ली यस्टरडे’. तो चित्रांतून हलता केलेला असला तरी मोठ्या माणसांसाठीच आहे. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाता भागातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे करडईची फुले खुडायला जाते. या फुलांपासून लाल रंग काढतात. पूर्वी ती खुडणाऱ्या मुलींची बोटे काट्यांनी रक्ताळत, आणि त्या फुलांची लाली मात्र त्यांना स्वतःला कधी लावायला मिळत नसे, ही गोष्ट ताएको सांगते. हापूसच्या पेट्या भरून शहराकडे पाठवणाऱ्या आणि घरी डागी आंबा खाणाऱ्या आपल्या माणसांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

याच चित्रपटात एक प्रसंग आहे. समोरचा डोंगर, झाडी आणि ओढा पाहून ताएको निसर्गाचे कौतुक करू लागते, तेव्हा तोशिओ हा तरुण शेतकरी तिला शांतपणे सांगतो की तिला दिसणारे हे दृश्य शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निसर्गाशी देवघेव करत घडवले आहे. तिथे चित्रपट थांबवावा आणि आपल्या आगरातला कोणता पाट कोणी काढला, कोणता गडगा कोणी रचला, कोणते माड आपल्या हातचे आहेत, हे मुलाला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढे त्या घरातली आजी ताएकोला तोशिओशी लग्न करून इथेच राहा असे सुचवते. त्या एका वाक्याने ताएको हादरते, कारण गावावरचे आपले प्रेम पाहुणीचे होते हे तिला तेव्हा कळते. टोकियोला निघालेली ताएको अखेरीस गावाकडे परत फिरते, परंतु तेही शेवटची नामावली सुरू झाल्यानंतर. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

या कथेचा वर्तमानकाळ १९८२ सालचा आहे. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी चाकरमानी बिऱ्हाड आवरून कोकणात परतले. त्यांनीही शहर सोडले होते, पण ते आवडीने नव्हे. कोकणात परत येणे या शब्दांत हा अर्थही आहे. आपल्या घराला किंवा शेजाऱ्यांना त्याची आठवण असेल तर ती मुलाच्या कानावर जरूर घालावी.

दुसरा चित्रपट ‘स्वदेस’ (२००४). मुलाने तो पाहिलेला असणारच. मात्र त्यातला मोहन नासातला हाती घेतलेला प्रकल्प पुरा करायला आधी अमेरिकेला जातो आणि मगच परततो, शिवाय गावात वीज आणताना आपली विद्याच कामी लावतो, याकडे त्याचे लक्ष वेधावे. ‘नारबाची वाडी’ (२०१३) विनोदी आहे, तरी बाग न सोडणाऱ्या म्हाताऱ्याची बाजू इतक्या मायेने मांडणारा चित्रपट आपण दोघांनी मिळून पाहायलाच हवा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. त्यानंतर पुन्हा रोपे लावणाऱ्या घराची कथा मला मराठी पडद्यावर पाहायची आहे, आणि ती आपल्यासारख्या बाईच्या नजरेतून सांगितलेली असावी.

प्रश्न : आमच्या वाचनालयात आम्ही तरुणांना चित्रपट दाखवतो. त्यांतले बहुतेकजण नोकरीसाठी मुंबईलाच जाणार आहेत. साध्या जगण्यासाठी गावच लागते का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : लागत नाही, आणि त्यासाठी विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) दाखवावा. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा हे काम मन लावून करतो, कॅसेटवर गाणी ऐकतो, जुनी पुस्तके विकत घेऊन रात्री वाचतो आणि दुपारी जेवताना पानांतून झिरपणाऱ्या उन्हाची छायाचित्रे काढतो. त्याची बहीण एकदा चालक असलेल्या मोठ्या गाडीतून येते, तेवढ्यावरून त्याने मागे काय सोडले असेल याचा अंदाज येतो. चित्रपट ते अधिक उलगडत नाही. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. संवाद थोडे आहेत, त्यामुळे सभागृहात पूर्ण अंधार आणि शांतता राहील अशी वेळ निवडावी.