फ्रिस्कोत घर, दारात आंबा?

तुम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोत नवं घर बुक करताय आणि विचारलंय की पुढच्या अंगणात आंबा, नाहीतर निदान कडुलिंब लावता येईल का, आणि एचओए (होमओनर्स असोसिएशन, वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) म्हणजे आपल्या पुण्यातली सोसायटीच ना?

आधी सोसायटीचं. आपल्याकडे भांडणं पाण्यावरून आणि पार्किंगवरून होतात. इथे एचओएचा डोळा रस्त्यावरून दिसणाऱ्या सगळ्यावर असतो: गवताची उंची, कुंपणाचा रंग, झाडाची जात. घराबरोबर सभासदत्व आपोआप गळ्यात पडतं, म्हणून सह्यांआधीच बिल्डरकडून डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे घराला लागू असलेल्या नियमांचे कागद, मागून घ्या आणि लँडस्केपिंगचं प्रकरण नीट वाचा. बहुतेक ठिकाणी मान्य झाडांची यादी असते, पुढच्या अंगणात किमान किती झाडं हवीत ते असतं आणि खोडाची किमान जाडीही, बऱ्याचदा 3 इंच. ती जमिनीपासून 6 इंचांवर मोजतात. नर्सरीत भाव मात्र कुंडीच्या गॅलनवर. 15 गॅलनवालं स्वस्त रोप 3 इंच भरत नाही.

आंबा आणि कडुलिंब विसरा. फेब्रुवारी 2021 मध्ये डॅलसचा पारा उणे 19 सेल्सियसला गेला होता. तेवढी थंडी नेहमी पडत नाही, पण शून्याखाली दर हिवाळ्यात जातो आणि कोवळ्या आंब्याला तेवढं पुरतं.

माती मात्र ओळखीची निघेल. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात तिला. मराठवाड्याच्या काळ्या रानासारखीच पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया म्हणजे याच मातीवर बसलेली काँक्रीटची स्लॅब, आणि मोठं झाड भिंतीलगत असलं की तिथली ओल शोषून घेतं, माती आकसते आणि पाया हलू शकतो. तेव्हा झाड घरापासून लांब लावा. माती चुनखडीची, त्यामुळे पिन ओकसारखी झाडं पिवळी पडतात.

बिल्डर बहुधा लाइव्ह ओक लावून देतो. झाड उत्तम, पण पसारा प्रचंड, 50 फुटी प्लॉटला जड जातं. शिवाय पानं गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळ्यांची झाडझूड आटोपल्यावर! शुमार्ड रेड ओकचा शरदातला रंग बघत राहावा असा, पण ओक विल्ट नावाच्या बुरशीला तो चटकन बळी पडतो. कुठलाही ओक फेब्रुवारी ते जून छाटायचा नाही, आणि कधीही छाटलात तरी काप लगेच रंगवायचा. माझं मत सीडर एल्मला. इथलंच झाड, ही माती आणि कोरडा उन्हाळा सोसणारं, पानं बारीक. ब्रॅडफर्ड पेअर कुणी फुकट दिलं तरी नको, वादळात फांद्या उभ्या चिरतात. क्रेप मर्टल म्हणजे आपल्या ताम्हणाची बहीण, फुलते छान, पण अनेक एचओए तिला सावलीचं झाड धरत नाहीत.

झाडाच्या परवानगीसाठी एचओएकडे करायचा अर्ज सोपा असतो: घराच्या सर्व्हेच्या (प्लॉटच्या मोजणी नकाशाच्या) प्रतीवर जागेची खूण, झाडाची जात, आकार, एखादा फोटो. उत्तर लेखी आल्याशिवाय खड्डा खणू नका. शेजाऱ्याने लावलंय, हा युक्तिवाद कमिटीपुढे चालत नाही. कमी पाण्याच्या बागेला सरसकट मनाई करायला टेक्सासचा कायदा 2013 पासून एचओएला आडकाठी करतो, पण आराखडा मंजूर करून घ्या म्हणायचा हक्क त्यांचा राहतोच.

खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस 811 ला फोन करा. जमिनीखालच्या गॅस आणि केबलच्या लाइनी कुठून जातात ते फुकट आखून देतात. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर कापून मोकळी करा. खोड जिथे मुळांपाशी रुंदावतं तो भाग मातीच्या वर राहू द्या. माळी लोक सर्रास तो गाडतात. लावायचा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. घराचा ताबा जुलैत मिळत असेल तर कमिटीकडे तोपर्यंत लेखी मुदत मागा.

मागच्या अंगणात नियम सहसा सैल असतात. तिथे अंजीर आणि डाळिंब लावा, कढीपत्ता चाकांच्या कुंडीत ठेवा, म्हणजे थंडीत गॅरेजमध्ये ढकलता येईल.