गारा मोजायच्या कशा?

प्रश्न : आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी आला की गारा पडतात आणि मग जो तो सांगतो बोराएवढी होती, लिंबाएवढी होती. मला घरच्या घरी नीट नोंद ठेवायचीय पण बघता बघता वितळतात हो. काय करू?

उत्तर : आधी एक, विजा चालू असताना गार उचलायला अंगणात पळायचं नाही. ओसरीतून घड्याळ बघा, कधी सुरू झाल्या, कधी थांबल्या, वारा कुठून होता, एवढं लिहिलं तरी बरंच झालं. थांबल्या आणि आभाळ शांत झालं की निघा. सगळे काय करतात, सगळ्यात मोठी गार शोधून तळहातावर ठेवतात आणि फोटो ग्रुपवर टाकतात. मोठी मोजाच, पण फूटभर जागेतल्या दहाएक गारा न निवडता उचलून त्याही मोजा, घडांचं नुकसान त्या एका गारेने थोडंच होतं? मिलिमीटरची पट्टी खाली ठेवून वरून सरळ फोटो घ्या. नाणं ठेवलंत तर कुठलं ते लिहा, पाचची नाणीच वेगवेगळ्या मापांची फिरतायत, दहाचं 27 मिमी असतं. 5 मिमीपेक्षा बारीक असेल तर हवामानवाले तिला गार धरत नाहीत. मोठी एखादी पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका, नंतर गरम सुरीने कापलीत तर आत पांढरे आणि पारदर्शक थर दिसतील, पटकन गोठलेल्या थरात हवा अडकते म्हणून तो पांढरा.

आता तुम्ही घरी नसताना पडल्या तर? अमेरिकेत कोकोराह्स म्हणून 1998 पासून स्वयंसेवकांचं जाळं आहे, ते लोक यासाठी थर्माकोल वापरतात. फूटभर चौकोनी, इंचभर जाड तुकडा, त्यावर पोळ्या गुंडाळायची फॉइल घट्ट बसवायची आणि झाड-पत्र्यापासून लांब, सपाट जागी पक्का बांधून ठेवायचा (नाहीतर गारांआधी तोच उडतो). गार पडली की खड्डा उमटतो. खड्डे मोजले की एका चौरस फुटात किती गारा पडल्या ते कळतं, रुंदीवरून आकाराचा अंदाज येतो, आणि वाऱ्याने तिरप्या आल्या असतील तर खड्डे लांबट होतात, म्हणून ठेवतानाच एका कडेला उत्तर दिशा लिहा. एक वादळ, एक तुकडा. मागे तारीख टाका, जपून ठेवा.

फोटोचं अजून एक. व्हॉट्सअपवरून फिरलेल्या फोटोतून वेळ आणि जागेची माहिती निघून जाते, त्यामुळे मूळ फोटो मोबाईलमधून डिलीट करू नका, पंचनाम्याला तलाठी आले की तोच दाखवा. घरी पर्जन्यमापक असेल तर त्यातल्या गारा वितळवायला मोजून कोमट पाणी ओता आणि शेवटच्या आकड्यातून तेवढं वजा करा.